पुढच्या थांब्याचं तिकीट

सव्वीस जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास आमच्या फाट्यावरच्या नव्या निवाऱ्याच्या पाटीवरचा कपडा सरपंचाच्या वडलांनी ओढला. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. कपडा खिळ्याला अडकला. दोघं पुढं झाले, त्यांनी तो सोडवला, मग टाळ्या पडल्या. झेंडावंदन उरकून शाळेची पोरं रांगेनं आणली होती, त्यांनी घोषणा दिल्या. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं होती. वीर जवान हवालदार भानुदास. मग वीतभर मोकळी जागा. मग प्रवासी निवारा.

पाटीसमोर माझे वडील उभे होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. अंगात जुना कोट, डोक्यावर फौजेतली टोपी, छातीवर सेना मेडल. पॉलिश केलेले बूट. त्यांचं पूर्ण नाव भानुदास सटवा कांबळे. पाटीवर भानुदास होते. सटवा नव्हते, कांबळे नव्हते.

आबांनी पाटी वाचली. परत वाचली, या खेपेला ओठ हलवत. मग पेंटरकडं बघून हळूच म्हणाले, "फुडचं ऱ्हायलं का रं, बाळा?"

पेंटरनं मान खाली घातली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरपंचाकडं बघितलं. सरपंच हसला. पस्तिशीचा, शिकलेला माणूस. माईक हातातच होता.

"हवालदार, सैनिकाला कुठली आली जात? तुमी सगळ्या गावाचे. सगळ्या देशाचे. म्हणून नुसतं नाव ठेवलं."

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांत माझेही हात होते. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी लोकांना बोल लावणार आहे, तर पहिलं माप स्वतःच्या पदरात पडलेलं बरं.

त्याच पाटीच्या तळाला, बारीक अक्षरात, सौजन्य म्हणून पाच नावं होती. तात्यांचं, सरपंचाचं, आणखी तिघांचं. पाचही नावं बापाच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कुठली आली जात म्हणून.

आबांनी पाटीला सॅल्यूट केला. पेढा घेतला, खाल्ला, कागदाची घडी करून खिशात ठेवली. सगळ्यांना हात जोडले आणि वस्तीकडं चालायला लागले. मी मागून गेले. 

मी एस.टी.त कंडक्टर आहे. अकरा वर्षं झाली. माझी गाडी भूमहून ईटकडं जाते आणि मधे माझ्याच गावाचा फाटा लागतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, ते गावच तसलं. मग बाकीची गावं सुटतील.

माझ्या मशीनमध्ये त्या थांब्याला गावाचं नाव आहे. पण लोकांच्या तोंडी ते कधीच नव्हतं. लोक म्हणायचे म्हारकी. "दोन म्हारकी द्या." "म्हारकीला थांबवा, बाई." फाट्याला लागून जी जमीन आहे ती आमच्या पणज्यांना गावकीच्या कामापोटी मिळालेली. मेलेली ढोरं ओढायची, सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचं, त्यापोटी. ती जमीन कधीचीच दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर चढली. आज तिथं तात्यांची ज्वारी उभी असते. जमीन गेली आणि नाव तेवढं आमच्या वाट्याला राहिलं.

मी भूमला शाळेत जायचे तेव्हा संध्याकाळच्या गाडीला एक म्हातारा कंडक्टर होता. वाईट माणूस नव्हता. सुटे पैसे नसले तर उद्या दे म्हणायचा. फाटा आला की ओरडायचा, "चला, म्हारकीवाले उतरा." त्या फाट्यावर पाटलांची पोरंही उतरायची. पण गाडीतल्या माझ्या वर्गातल्या मुली त्यांच्याकडं बघायच्या नाहीत. माझ्याकडं बघायच्या.  मी उठले की माझ्या जागेवर दप्तर ठेवायच्या. मी खाली मान घालून उतरायचे.

आबा तेव्हा फौजेत होते. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. पत्र आधी यायचं, त्यात तारीख असायची, आणि त्या दिवशी आई मला घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहायची. मला चांगलं आठवतं, त्या खेपेला मी सात-आठ वर्षांची असेन. गाडी आली. थांबली. चार-पाच माणसं उतरली. आबा उतरले नाहीत. खिडकीत दिसत होते. वर्दीत, ताठ बसलेले, समोर बघत. मी हाका मारल्या. गाडी निघून गेली.

मला वाटलं, आबांना डोळा लागला. आईनं पदर खोचला आणि गाडी गेली त्या दिशेनं चालायला लागली. बरंच अंतर गेल्यावर समोरून एक माणूस येताना दिसला. डोक्यावर काळी ट्रंक. आबाच होते. पुढचा थांबा पुलाचा, दोन किलोमीटरवर. तिथं ना घर, ना दुकान, ना झाड. आबा तिथं उतरून मागं चालत आले होते.

"आबा, तुमी फुडं का उतरला?"

"गाडीत लई येळ बसलो बाळ. पाय मोकळं होत्यात."

पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग आई मला थेट पुलावरच न्यायला लागली. आम्ही तिघं ट्रंक घेऊन मागं चालत यायचो आणि मला ती सुट्टीची गंमतच वाटायची. मी चौदा वर्षांची होईपर्यंत मला कळलं नाही की हा माणूस बंदुकीची गोळी झेलायला तयार आहे, पण वर्दी अंगावर असताना म्हारकीवाले उतरा हे ऐकायला तयार नाही. तो दरवेळी पुलाचं तिकीट काढायचा. कंडक्टरनं काय ओरडावं हे त्याच्या हातात नव्हतं. कुठं उतरावं एवढंच हातात होतं.

मेडलची गोष्ट आबांनी कधी सांगितली नाही. जे कळलं ते मेडलसोबत आलेल्या पत्रातून. वर काश्मीरकडं बर्फात त्यांची गाडी घसरून नाल्यात गेली आणि वरून गोळीबार सुरू झाला. आबांनी तीन जखमी माणसं एकेक करून खांद्यावर वर आणली. त्यात सगळी रात्र गेली. उजव्या पायाची तीन बोटं बर्फानं गेली. नंतर बूट घालताना ते उजव्या बुटाच्या टोकात चिंधी कोंबायचे, नाहीतर बूट चालताना वाकायचा. ती चिंधी धुऊन वाळत घालायचं काम माझं होतं. दर आठवड्याला एक.

आधी गावात सगळे त्यांना भान्या म्हणायचे. मेडल आल्यावर भानुदास म्हणायला लागले. गावानं एवढीच बढती दिली.

आता दीडेक वर्षापूर्वी वरून पत्र आलं. ज्या गावात पदक मिळवलेला सैनिक असेल, त्या गावानं रस्त्याकडेच्या एखाद्या सार्वजनिक जागेला त्याचं नाव द्यावं. गावात पदकवाला एकच. दुसरा कुणी असता तर गावाचा जीव भांड्यात पडला असता. तात्यांनी सुचवलं की वस्तीतल्या समाजमंदिराला द्या नाव, आपली माणसं आपल्यात शोभतात. पण पत्रात रस्त्याकडेची जागा असं स्पष्ट होतं आणि फाट्यावर निवाऱ्याचं बांधकाम नुकतंच झालं होतं. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव झाला. ग्रामसेवकानं इतिवृत्तात लिहिलं, हवालदार भानुदास सटवा कांबळे प्रवासी निवारा. मी स्वतः ऐकलं. वाचून दाखवलं तेव्हा आबा मागच्या रांगेत बसले होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर आठेक दिवसांनी आबा पेन्शनच्या कामाला भूमला गेले होते. येताना माझ्याच गाडीत बसले. मी तिकिटं काढत त्यांच्यापाशी आले आणि सवयीनं पुलाचं बटण दाबायला गेले.

"फाट्याचं दे," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

फाट्याचं अर्धं तिकीट दिलं. सत्तरीचा माणूस. नोकरी संपली, वर्दी ट्रंकेत गेली, तरी आजवर पुलावरच उतरत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा फाट्यावर उतरला. उतरून निवाऱ्यापाशी गेला, कोऱ्या भिंतीवर हात फिरवून बघितला, सिमेंट नीट बसलंय का बघतात तसा. मला बेल मारायची होती. ड्रायव्हर आरशातून बघत होता. मी दोन मिनिटं बेल मारली नाही. माझ्या नोकरीत गाडीला उशीर मी मुद्दाम तेवढाच केला.

तिथून जानेवारीपर्यंत आबा फाट्यावर उतरत होते. आणि मग तो कपडा ओढला.

फेब्रुवारीत दवाखान्याला जाऊन येताना आबा पुन्हा माझ्या गाडीत बसले. त्यांच्यापाशी आले तेव्हा मी फाट्याचं बटण दाबलं होतं.

"पुलाचं दे."

"आबा."

"पुलाचं दे, बाळ. पाय मोकळं होत्यात."

तेच शब्द. तीस वर्षांनी. गाडी भरलेली होती, कुणाचं काही लक्ष नव्हतं. मी तिकीट बदललं. फाटा आला, गेला, आबा ताठ बसून समोर बघत राहिले. पुलावर उतरले. त्यांना उतरायला आता दांडी धरावी लागत होती. गाडी निघाली आणि मागच्या काचेतून मला ते दिसत होते, चिंधी कोंबलेला बूट ओढत मागं चाललेले.  पुढच्या दोन थांब्यांची तिकिटं मी चुकीची काढली.

त्या दिवशी मी ठरवलं की हे असं राहू द्यायचं नाही.

ग्रामसेवकाकडं अर्ज करून ठरावाची नक्कल घेतली. त्यानं शिक्का मारून मुकाट्यानं दिली. एक मेच्या ग्रामसभेला रजा टाकून गेले. शाळेच्या व्हरांड्यात सभा होती. मी उभी राहिले आणि ठराव मोठ्यानं वाचला. म्हटलं, मागणी एकच आहे. ठरावात आहे तसं नाव पाटीवर लिहा. लिहायचं नसेल तर पाटी उतरवा. अर्ध्या नावाची आम्हाला गरज नाही.

सरपंच म्हणाला, "ताई, जात काढू नका. गावात एकोपा हाय."

म्हणजे जात मी काढली. पुसणारा एकोप्याचा, विचारणारी जातीयवादी.

तात्या भिंतीला टेकून बसले होते. ते पोरापेक्षा सरळ बोलतात, हे मान्य करते. म्हणाले, "हे बघ पोरी. आमचं पाव्हणं-रावळं फाट्यावर उतरत्यात. लग्नाकार्याला चार गावची माणसं येत्यात. पाटी वाचून इचारतील, ह्ये गाव कुणाचं म्हणून. काय सांगायचं? नाव दिलं ह्येच लई झालं."

"मग खाली तुमचं आडनाव कशाला लिवलं तात्या?"

 मागं कुणीतरी खाकरलं. तात्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते आबांकडं वळले.

"भानुदास, तूच सांग. तुझी काय तक्रार हाय का?"

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठले, मग टाचा जुळवल्या. सगळी सभा त्यांच्याकडं बघत होती. मी बघत होते. मनात म्हणत होते, बोला आबा, एकदा बोला.

"न्हाय तात्या," आबा म्हणाले. "माझी काय तक्रार न्हाय."

इतिवृत्तात नोंद झाली, संबंधितांची तक्रार नाही. विषय संपला. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

घरी आले ती पेटूनच. दुपारची वेळ, आबा दारातल्या बाजेवर बसून बूट काढत होते. मी नको ते बोलले. म्हटलं, "बर्फाला भ्याला न्हाईत आन् तात्याला भ्यालात."

आबांनी चिंधी बाहेर काढली, झटकली.  मग म्हणाले, "बर्फात माझ्यासंगं तुमी नव्हता. हितं तुमी हाय."



थोड्या वेळानं ते आपणहून बोलले. त्या रात्रीबद्दल पहिल्यांदाच. "तिघं व्हते. वर आणताना एकानं बी इच्यारलं न्हाय, खांदा कुणाचा हाय. मंग आपुन तरी कशाला सांगत बसायचं?"

 पण मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. त्या तिघांनी विचारलं नाही ही एक गोष्ट. आणि या गावाला न विचारता माहीत होतं, म्हणून त्यांनी पुसलं, ही वेगळी गोष्ट. आबांनी दोन्ही एकाच दावणीला बांधल्या. आयुष्यभर पुलावर उतरलेल्या माणसाला तसं बांधावंच लागत असेल.

मी त्यांच्याशी नीट बोलायचं सोडलं. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. त्यांनी चिंधी स्वतः धुवायला सुरुवात केली. दीडेक महिना असाच गेला, आणि आषाढात एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच आबा गेले. कप फुटला नाही. मांडीवर कलंडला, एवढंच. मी ड्युटीवर होते. शेवटचं मी त्यांना काय बोलले ते मला आठवत नाही. काही बोलले असेन असं वाटत नाही. याचं मला मरेपर्यंत वाईट वाटणार आहे आणि ते वाटावं अशीच माझी लायकी आहे.

सरपंचानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. आमच्या वस्तीच्या तोंडाला. त्यावर नाव पूर्ण होतं, सटवा आणि कांबळेसकट. वस्तीत त्यांचे पाव्हणे येत नाहीत.

मातीला आबांच्या पलटणीतला एक सोबती आला होता. उमरग्याकडचा. उंच, थकलेला, काठी टेकत आलेला. त्याला घर सापडेना म्हणून तो तासभर फाट्यावर बसून होता. शेवटी वस्तीतली एक बाई त्याला घेऊन आली. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, काका, फाट्यावर आबांच्या नावाची पाटी आहे, तिथं कुणाला विचारायचं नाही का?

तो माझ्याकडं बघतच राहिला. "त्या पाटीखालीच बसलो व्हतो की. म्या वाचली. म्हणलं, ह्यो कुणीतरी दुसरा हवालदार असंल. येणाऱ्या-जाणाऱ्याला इचारीत व्हतो, कांबळेचं घर कुठं हाय. कुणी नीट सांगंना." मग थांबून म्हणाला, "त्याचं नाव भानुदास हाय ह्ये मला आज कळलं. आमी बावीस वर्सं कांबळेच म्हणायचो. छातीवर तेच लिवल्यालं असायचं."

मी आत जाऊन ट्रंक उघडली. वर्दीच्या घडीत ती काळी पट्टी होती, छातीवर लावायची. पांढऱ्या अक्षरात एकच शब्द. कांबळे. हुकूम त्या नावाला मिळायचे. शाबासकी त्या नावाला. नाल्यात पडलेल्या माणसांनी अंधारात हाक मारली असेल तर कांबळे म्हणूनच मारली असेल. ज्या नावानं माणसं वर आली तेच गावानं खरवडून काढलं होतं आणि उरलेल्याला हार घातला होता. त्यांचा सोबती त्यांच्याच पाटीखाली बसून त्यांना शोधत होता. मी ट्रंकेपाशी बसून रडले. आबा गेल्यावर पहिल्यांदाच रडले. बाहेर बायकांना वाटलं बापासाठी रडतेय. मी त्या दीड महिन्यासाठी रडत होते, आणि सव्वीस जानेवारीच्या टाळ्यांसाठी.

विधी झाला. मी ड्युटीवर परत गेले. पट्टी गणवेशाच्या खिशात ठेवली.

दुपारची गाडी. पंचवीस-तीस माणसं. तात्या पुढच्या सीटवर बसलेले, भूमहून डॉक्टरला गुडघा दाखवून येत होते. मला बघून म्हणाले, "वाईट झालं. भला माणूस व्हता भानुदास." मी मान हलवली आणि फाट्याचं तिकीट दिलं.

फाटा जवळ आला. मी दोरी ओढली, बेल वाजली. आजवर मी तिथं कधीच काही पुकारलं नव्हतं. अकरा वर्षं. नुसती बेल. म्हारकी म्हणवत नव्हतं आणि दुसरं म्हणायची हिंमत नव्हती. उतरणारे आपापले उतरायचे. त्या दिवशी मी मधे उभी राहिले, दांडी धरली आणि मोठ्यानं म्हणाले,

"हवालदार भानुदास सटवा कांबळे फाटा. उतरणारे पुढं या."

 ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. दोन बायका पिशव्या सावरत उतरल्या. एक माणूस उतरला. तात्या उठले नाहीत.

"तात्या, फाटा आला."

"म्हाईत हाय."

"उतरायचं न्हाय?"

त्यांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. समोर बघत होते. ताठ. ते बसणं मी ओळखत होते. सात-आठ वर्षांची असताना गाडीच्या खिडकीत बघितलं होतं.

"फुडं उतरतो," तात्या म्हणाले.

"पुलावर?"

"व्हय."

मी मशीन उघडलं. पुलाचं तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं. दोनदा बेल मारली. पुलावर गाडी थांबली, ते एकेक पायरी उतरले, शेवटच्या पायरीला मी त्यांचा हात धरला, कारण ते माझं काम आहे. गाडी निघाली. मागच्या काचेतून बघितलं. काठी टेकत, दुखरा गुडघा ओढत म्हातारा मागं चालला होता. ऊन होतं. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. आबा असते तर म्हणाले असते, थांबव गाडी, बस म्हणावं. मी गाडी थांबवली नाही.

तक्रार गेली. डेपोत बोलावलं. साहेबांनी कागद वाचला, मला विचारलं, असं पुकारता का? म्हटलं, पुकारते, ग्रामसभेचा ठराव आहे, ही नक्कल. त्यांनी नक्कल बघितली, परत दिली आणि म्हणाले, बेल वेळेवर मारा म्हणजे झालं. दुसरी तक्रार वर गेली आहे. तिचं काय होईल ते होईल. बदली झाली तर ज्या रस्त्यावर पाठवतील त्या रस्त्यावर जाईन, पण या रस्त्यावर आहे तोवर रोज चार फेऱ्या आहेत. ग्रामसभा येईल तसा अर्जही देते. तोच अर्ज, तेच दोन ओळींचं म्हणणं. पूर्ण लिहा, नाहीतर उतरवा.

पाटी अजून तशीच आहे. वीतभर जागा अजून मोकळी आहे. वस्तीतली माणसं मात्र आता तिकीट मागताना कांबळे फाटा म्हणायला लागली आहेत, काही हळू आवाजात, काही मोठ्यानं. तात्या आणि त्यांच्या घरातले आणखी दोघं अजून पुलाचं तिकीट मागतात.

मी देते. पूल ते फाटा दोन किलोमीटर आहे. माझा बाप ते अंतर बावीस वर्षं डोक्यावर ट्रंक घेऊन चालला, आणि शेवटी तीन बोटं नसलेल्या पायानं चालला. ज्याला त्याच्या पूर्ण नावावर उतरता येत नाही, त्यानं चालावं. तिकीट मी देईन, हात धरून उतरवीनही. पण नावातला एक शब्द कमी करणार नाही.